येळवंडेकाकांचे पाच आकडे

आकुर्डीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आले की येळवंडेकाका त्यांचं नाव विचारत नाहीत. जिन्यात अडवून विचारतात, "तुमी नक्की करता काय?"

"जॉब करतो," असं कुणी म्हटलं की काका मान हलवतात. "जॉब समदेच करत्यात. कशाचा?" मग माणूस सांगत जातो, काका खोदत जातात आणि शेवटी पाच आकडे पुटपुटत वर निघून जातात. खालचा सलूनवाला त्यांच्या लेखी शहाण्णव शून्य वीस. सुरुवातीला मला वाटलं, लॉटरीचे आकडे असतील.

नंतर कळलं, सरकारच्या यादीत प्रत्येक धंद्याला असा पाच आकडी कोड असतो. काका चाकणच्या एका कंपनीत हमाल म्हणून लागले आणि खरेदी विभागातून निवृत्त झाले. कंपनीला माल पुरवू इच्छिणाऱ्यांचे फॉर्म तपासायचे, कोड आणि काम जुळतंय का बघायचं, हे त्यांनी पंचवीस वर्षं केलं. नोकरी संपली, सवय राहिली.

या सवयीपायी एक लग्न मोडता मोडता राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईला बघायला मुलगा आला होता. "हिंजवडीत, आयटीत असतो," असं त्याचे मामा म्हणाले. काका पोह्यांची बशी घेऊन कोपऱ्यात बसले होते. "आयटीत म्हंजे? स्वतः प्रोग्राम लिवता, का लोकांचे फोन घेता? दोनी येगळं हाय, राव. बासष्ट शून्य अकरा आन् ब्याऐंशी दोनशे." मुलगा घामाघूम झाला. तो कंपनीच्या गाड्यांचं वेळापत्रक बघत होता. ताईचे वडील आठवडाभर काकांशी बोलले नाहीत. लग्न मात्र झालं. काका आजही सांगतात, "पोरगा चांगलाच हाय. कोड चुकला हुता."

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. ती सांगायला मला थोडं अवघड जातं.

माझी आई घरी हातमोजे शिवते. कंपन्यांमध्ये मशीनवरचे कामगार घालतात ते, होजिअरीच्या कापडाचे. आम्ही मूळचे लातूरकडचे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे फॉर्म भरायचं काम माझं. आई इतकी वर्षं एका ठेकेदारासाठी शिवायची. यंदा त्याने काम बंद केलं आणि मशीन दोन महिने कापडाखाली झाकलेलं राहिलं. अशात चाकणच्या एका कारखान्याला थेट बनवणाऱ्यांकडून हातमोजे हवे आहेत असं कळलं. मी आईची उद्योग नोंदणी केली, कारखान्याचा फॉर्म भरला. तो आठ दिवसांत परत आला. शेरा होता : 'अर्जदार किरकोळ विक्रेता आहे. आम्ही उत्पादकाकडूनच खरेदी करतो.'

मी कागद घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला. "सत्तेचाळीस सातशे अकरा. तयार कपड्यांचं दुकान. तुज्या आईचं दुकान हाय?"

"नाही."

"मंग ह्ये कुणी लिवलं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "हे बघ पोरी, कंपनीकडं ढिगानं फॉर्म येत्यात. समदे कोण वाचणार? त्यापायी खण असत्यात. हातमोजे लागले की हातमोजेवाल्यांचा खण उघडायचा, त्यांनाच चिठ्ठी जाती. तुजी आई दुसऱ्याच खणात बसलीय. तिला हाक कशी यावी?"

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आमच्याकडे आले. त्यांना दाखवायला आईने मशीनवरचं कापड काढून उरलेल्या होजिअरीचा एक हातमोजा शिवायला घेतला. आईला म्हणाले, "वैनी, मी न्हाईच आसं समजा. तुमचं चालू द्या." आणि लगेच सुरू झाले. "कापड कुठनं येतं? कापतं कोण? अंगठा आधी का बोटं आधी?"

"भाऊ, तुम्ही बोलायलात तर म्या शिवू कसं?" आई म्हणाली.

काका पाच मिनिटं गप्प बसले. मग त्यांना शिवलेला हातमोजा सुलटा करून बघायचा होता. त्यासाठी आमच्याकडे एक गुळगुळीत काठी आहे, ती एकेका बोटात घालून ओढायची असते. काकांनी काठी न घेता स्वतःचं बोट घातलं आणि ते अडकलं. आई पदर तोंडाला लावून हसली. दोन महिन्यांत ती तशी हसली नव्हती.

बोट सोडवून घेत काकांनी निकाल दिला. "हितं कापड आत येतं आन् हातमोजा भायेर जातो. दहा बाय दहाच्या खोलीत आसला म्हनून काय झालं, ह्यो कारखाना हाय." वहीत त्यांनी लिहिलं : चौदा एकशे एक.

नोंदणी दुरुस्त केली, फॉर्म पुन्हा पाठवला. कारखान्याचे एक साहेब येऊन आईचं काम बघून गेले. तीन आठवड्यांनी ऑर्डर आली. मशीनवरचं कापड कायमचं निघालं.

मी पेढे घेऊन काकांकडे गेले. ते एकटेच असतात. त्यांनी दार उघडलं, बसायला सांगितलं. मला राहवलं नाही. "काका, दुकानाचा कोड मीच टाकला होता. यादीत शिवणकामही होतं. पण मैत्रिणींना आई शिवते असं सांगायला मला... दुकान जरा मोठं वाटलं."

मला वाटलं, ते रागावतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आमची ही बावीस वर्सं ब्लाउज शिवायची," ते म्हणाले. "आख्ख्या आळीचे. एकदा जनगणनेचे मास्तर आले. मी ह्याच दारात हुबा. त्यांनी इचारलं, मंडळी काय करतात? मी म्हनलं, काय न्हाई, घरीच असती."

"मग?"

"आत तिची मशीन चालू हुती. ती थांबली."

त्यांनी पेढ्यांचा पुडा जवळ ओढला.

"लई वेळ न्हाई. जरा वेळानं परत चालू झाली. तिनं कदी त्यो विषय काढला न्हाई, आन् मी बी न्हाई." त्यांनी एक पेढा उचलला, हातात तसाच धरला. "तू म्हैन्याभरात दुरुस्त केलंस, पोरी. जा, आईला सांग, पेढे पोचले."