वाऱ्याच्या तीन पाळ्या

लालबागच्या जैतापकर चाळीत दुसऱ्या मजल्यावर वारा येतो, ही बाब प्रथम १९८२ सालच्या एप्रिल महिन्यात निदर्शनास आली. त्यापूर्वीही तो येत असावा. परंतु त्यापूर्वी चाळीतले पुरुष दिवसा मिलमध्ये असत किंवा रात्रपाळी करून झोपलेले असत, आणि बायकांनी ही गोष्ट कोणाला लेखी कळवलेली नव्हती.

जानेवारीत संप सुरू झाला. पहिले दोन-तीन महिने सभांत आणि मोर्च्यांत गेले. एप्रिल उजाडला तोवर निम्मी चाळ कोकणात गेली होती आणि मजल्यावर उरलेले आम्ही चोवीस पुरुष भर दुपारी घरी बसून होतो. दहा बाय बाराच्या खोलीत दुपारी काय होतं, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. मिलच्या साळखात्यात मागांवरचं सूत तुटू नये म्हणून मुद्दाम दमट हवा सोडत, त्या वाफेत आमच्यातल्या कित्येकांनी वीस-वीस वर्षं काढली होती. पण तिथल्या घामाला पगार होता. इथला फुकट चालला होता. वायरिंग जुनं आहे म्हणून घरमालकाने पंख्याला मनाई केलेली, त्यामुळे पुठ्ठ्याने वारा घ्यायचा आणि पुठ्ठा हलवून पुन्हा घाम काढायचा, असा उद्योग दिवसभर चाले.

गॅलरीच्या पश्चिम टोकाला, संडासांच्या अलीकडे, समोरच्या दोन चाळींमधली फट नेमकी समोर येते. प्रभादेवीच्या समुद्रावरून निघालेला वारा बारा वाजल्यापासून त्या फटीतून थेट आमच्या कठड्यावर येतो. जागेची रुंदी साडेचार फूट. मांडी घातली तर तीन माणसं मावतात, पाय सोडले तर दोन. पहिल्याच आठवड्यात तिथे दोन मारामाऱ्या झाल्या, एकाचा चष्मा फुटला, आणि इथे काहीतरी व्यवस्था पाहिजे हे सर्वांना पटलं.

व्यवस्था म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर एकच येणार. मी मिलमध्ये एकोणीस वर्षं हजेरी कारकून होतो. वारा समितीचा चिटणीस म्हणून माझी निवड बिनविरोध झाली, कारण कोरं रजिस्टर फक्त माझ्याकडे होतं. ते मिलमधून माझ्याकडे कसं आलं हा विषय या कथेच्या कक्षेबाहेरचा आहे. दगडू हा साळखात्यातला जॉबर, म्हणजे कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवणारा. त्याला तेच काम दिलं. पाळ्या तीन ठरल्या: बारा ते दोन, दोन ते चार, चार ते सहा. मिलचा भोंगा तीन महिने मुका होता, म्हणून पाळी बदलताना दगडूने पितळी ताट वाजवायचं ठरलं. पहिल्या दिवशी बाराच्या ठोक्याला ते ताट वाजलं तेव्हा दोन-तीन जुन्या माणसांनी डोळे पुसले. मीही पुसले, पण ते घामामुळे असं मी तेव्हा सांगितलं.

तीन पाळ्यांत प्रत्येकी तीन म्हणजे नऊ जण कायम झाले. बाकीचे पंधरा आपोआप बदली. कायम माणूस आला नाही तर बदलीला वारा मिळेल, नाहीतर त्याने घरी जावं. आम्ही मिलमध्ये याच पद्धतीला वर्षानुवर्षं शिव्या घालत होतो. पण दुसरी पद्धत कोणी पाहिलेलीच नव्हती.

बदल्यांत कुशाबा होता. मिलमध्ये बावीस वर्षं तो बदलीच राहिला. इथेही रोज पावणेबाराला धुतलेला सदरा घालून, हातात पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन तो जिन्याजवळ उभा राहू लागला.

"चिटणीस, दोनशे चाळीस दिवस भरले तर इथं परमनंट करता ना?" त्याने विचारलं.

"नियमात बसलं तर करू."

"उन्हाळा किती दिवसांचा असतो?"

"ते बघून सांगतो," मी म्हणालो. त्याचा तो प्रश्न अजून प्रलंबित आहे.

कामकाज सुरळीत चालू झालं. दगडूने आपल्या गावच्या तिघांना तिसऱ्या पाळीला घातलं, कारण संध्याकाळचा वारा जास्त थंड. एके दिवशी वारा पडला, तेव्हा दुसऱ्या पाळीने ले-ऑफ मागितला. समितीने विचारविनिमय करून वाऱ्याअभावी वाया गेलेली पाळी अर्धी भरून देण्याचं मान्य केलं. त्यानंतर वारा असो वा नसो, माणसं हजेरीसाठी बसू लागली. दोन-दोन तास उन्हात घाम गाळून बसत, पण उठत नसत, कारण उठलं की खाडा.

अशा वेळी माझ्या पत्नीचा, शेवंतीचा, अर्ज आला.

बायका-मुलं गावाला पाठवून एकटे राहिलेल्या तेरा जणांचं आणि माझं जेवण शेवंती करत असे. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत, मोरीशेजारच्या कोपऱ्यात, रॉकेलचे दोन स्टोव्ह पेटवून. त्या कोपऱ्यात भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. तिच्या पाठीवर आणि गळ्याभोवती घामोळं उठून त्याच्या जखमा झाल्या होत्या. मेच्या सुरुवातीला ती चक्कर येऊन पिठाच्या परातीवरच कोसळली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली आणि मला बाजूला घेऊन बजावलं, असंच चाललं तर एक दिवस बाई उठायची नाही.

"अवो, डॉक्टरान सांगल्यान हा, दुपारी एक तास वाऱ्यार बसाक व्हया," ती घरी आल्यावर म्हणाली.

"अर्ज कर."

"तुमका?"

"समितीला. घरात मी नवरा. चिटणीस मी गॅलरीत."

तिला अर्जाची भाषा येत नव्हती, म्हणून अर्ज मीच लिहिला. तिने सही केली. मग मी गॅलरीत जाऊन तो स्वीकारला आणि त्यावर आवक क्रमांक सात घातला.

बैठकीत चर्चा सविस्तर झाली. कोंडीराम हा आमच्यातला लढाऊ माणूस. गेटवरच्या सभेत त्याचं भाषण ऐकून पोलिससुद्धा टाळ्या वाजवत. तो म्हणाला, "वहिनींबद्दल आपल्याला आदर आहे. पण हा वारा कामगारांचा आहे."

"वहिनी काम करते की," कुशाबा म्हणाला.

"स्वयंपाक करते," दगडूने दुरुस्ती केली.

मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे ठेवली. दगडूने ती उलटसुलट करून पाहिली. "चिठ्ठी सुट्टीसाठी असते चिटणीस. हजर राहायला चिठ्ठी आणलेली मी तरी बघितली नाय. आणि सुट्टी द्यायची तर बाई आधी मस्टरवर पायजे."

हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून सहानुभूतीपूर्वक विचार करून शेवंतीला सोळावी बदली म्हणून घेतलं. तिने इतरांप्रमाणे रोज पावणेबाराला कार्ड घेऊन जिन्याजवळ उभं राहायचं होतं. पावणेबाराला ती समितीच्या भाकऱ्या थापत असे. लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिल्याने नियम नऊनुसार तिचं नाव कमी झालं. तिचे तिन्ही खाडे मी स्वतः मांडले. मांडताना तिनेच वाढलेली भाकरी मी खात होतो, हे इथे नमूद करणं भाग आहे.

सोळा मे रोजी दुपारी अडीच वाजता ती दुसऱ्यांदा पडली. या वेळी दारातच. ओठ पांढरे पडले होते आणि हाक मारली तर ओ देत नव्हती. चौघांनी उचलून तिला गॅलरीच्या टोकाशी नेलं, पण तिथे दुसरी पाळी चालू होती. तीन जण बसलेले. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळे तिघेही माझ्याकडे बघू लागले. मी रजिस्टर शोधू लागलो.

त्या तिघांत कुशाबा होता. कोणाच्या तरी जागी त्या दिवशी त्याला पाळी मिळाली होती, महिन्यातली चौथी. तो उठला, शेवंतीला कठड्याला टेकवून बसवलं आणि आपल्या कार्डाने तिला वारा घालत राहिला. सातव्या मिनिटाला तिने डोळे उघडले. मी नोंद केली: अनधिकृत वारा, सात मिनिटं.

पाळी सोडल्याबद्दल कुशाबाला आठ दिवस बंद केलं. दगडूचा नाइलाज होता. एकाला सोडलं असतं तर उद्या कोणीही माणुसकी दाखवून उठला असता.

पण कामगारावर अन्याय झालेला कोंडीरामला सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गॅलरीत सभा घेतली आणि कुशाबाला परत घेईपर्यंत वाऱ्यावर बहिष्कार पुकारला. तिन्ही पाळ्या बंद झाल्या. साडेचार फूट जागा रिकामी, तिच्यावरून भन्नाट वारा चाललेला, आणि दोन्ही बाजूंना कोणी बसू नये म्हणून उभे असलेले आमचे लोक घामाने निथळताहेत. घोषणा देऊन देऊन त्यांचे घसे बसले. संप शंभर टक्के यशस्वी झाला.

दुपारी दीडच्या सुमारास शेवंती पदराने गळा पुसत बाहेर आली. रिकाम्या जागेकडे तिने जरा वेळ पाहिलं.

"वहिनी," कोंडीराम हात जोडून म्हणाला, "एवढं महिनाभर सोसलंत. आता संप फोडू नका."

"जागा रिकामी आसा मां? मगे मी बसतंय," ती म्हणाली, आणि बसली.

चोवीस पुरुष तिच्याकडे बघत राहिले. बाईमाणसाला हात धरून उठवणार कोण? ती डोळे मिटून तासभर बसली. आत दोन्ही स्टोव्ह विझलेले होते. त्या दिवशी जेवण झालं नाही.

लालबागच्या इतिहासात इतक्या झटपट तडजोड झाली नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बैठक बसली आणि सव्वाआठला कुशाबा कामावर परत आला. मग शेवंतीचा विषय निघाला. तिला वारा पाहिजे आणि आम्हाला जेवण पाहिजे, तेव्हा मी सुचवलं की स्टोव्हच उचलून गॅलरीच्या टोकाला न्यावेत. सूचना सर्वांना अतिशय आवडली. दगडूने स्वतः स्टोव्ह उचलले.

अकरा वाजता स्टोव्ह पेटवला, तो विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. बाराला वाऱ्याने जोर धरला आणि भात अर्धा कच्चा राहिला. तेव्हा कोंडीरामच म्हणाला की यात कोणाचा दोष नाही, ही तांत्रिक अडचण आहे. मी ठराव क्रमांक अकरा लिहिला: 'वाऱ्याने ज्योत विझते. सबब जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला, तिच्याविषयी पूर्ण आदर राखून, वारा देता येत नाही.' ठराव एकमताने मंजूर झाला. कुशाबाने हात वर केला नव्हता, पण बदलीला मत नसतं.

मी तो शेवंतीला वाचून दाखवला.

"मगे भात तुम्ही करा. मी वाऱ्यार बसतंय," ती म्हणाली.

हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं नाही, कारण ते विषयपत्रिकेवर नव्हतं. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. ठरावाची भाषा चांगली जमली याचंच समाधान वाटलं. तिने पुन्हा विषय काढला नाही आणि स्टोव्ह पुन्हा मोरीशेजारी गेले.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मिल पुन्हा सुरू झाली नाही. चाळ पाडली, आणि मुलाने प्रभादेवीला ब्लॉक घेतला. हॉलमध्ये पंखा, दोन्ही बेडरूममध्ये पंखे. स्वयंपाकघरात नाही. वायरमनला विचारलं तर म्हणाला, "आजोबा, तिथं कोण लावतं? गॅस विझतो ना." ओट्यावर धूर बाहेर काढायचा पंखा तेवढा आहे. म्हणजे धुराला मस्टरवर घेतलेलं दिसतं. त्याच्याखाली, मे महिन्यात, अडुसष्ट वर्षांची शेवंती पोळ्या लाटते. गळ्यावर घामोळ्याचे डाग तसेच आहेत.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. गिरगावात, दादरला, परळला कोणाकडेही गेलो की पंखे मोजतो आणि सहज विचारतो. सगळीकडे तेच उत्तर मिळतं, त्याच शब्दांत. त्यासाठी आम्हाला बैठका घ्याव्या लागल्या, एक संप करावा लागला, अकरा ठराव लागले. या शिकल्यासवरल्या घरांत कधी बैठकसुद्धा झालेली नाही, आणि तरी एकमत आहे.

आमच्या समितीला तुम्ही हसला असाल. हसायलाच पाहिजे. तुमच्या डोक्यावर पंखा फिरतोय, तेव्हा तुम्ही उठायची काही गरज नाही. बसल्या जागेवरून आत एक हाक मारा आणि एवढंच विचारा, गॅस विझला तर नाही ना.