सुखधामचं स्वराज्य

विनोदिनीच्या फाटकासमोरच्या चेंबरचं झाकण चोरीला गेलं आणि त्याच आठवड्यात तिचा लेक रुचिर चालायला लागला. फाटकाची सैल कडी त्यालाही उघडता येत होती. त्यामुळे तिचे हात कणकेत असले, तरी कान बाहेर असायचे.

सुखधाम नगर ही शहराच्या टोकाला, नानाखेड्याच्या पुढची नवी कॉलनी. झाकणासाठी ती शहराच्या पालिकेच्या ऑफिसात गेली, तर तिथला बाबू म्हणाला, "मॅडम, ये हमारी हद में नहीं. सरपंच के पास जाइए." सरपंचानं चहा पाजला आणि सांगितलं, "भाभीजी, आप तो शहरवाले हो. गाँव में चेंबर होता है कहीं?"

ही हकीकत तिनं कॉलनीच्या समितीला सांगितली, ही तिची चूक. रेल्वेतून रिटायर झालेले माधवराव अध्यक्ष होते. शहरांनी आपला कारभार आपणच करायचा, असा नवा कायदा आल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. तेवढंच वाचलं होतं.

"आपण कुणाच्याच हद्दीत नाही, म्हणजे आपण स्वायत्त," ते म्हणाले. "आता भोपाळच्या सरकारचं तोंड बघायचंच नाही."

"आणि चेंबर, काका?"

"अगं, आधी मंडळ तर बनू दे."

मंडळ बनलं. घराघरातला पुरुष कशाचा ना कशाचा प्रमुख झाला. प्रजेत बायका आणि पोरं तेवढी उरली. तिचा नवरा सुहास बँकेत कॅशियर. त्याला सफाई मिळाली.

"मग झाकण तूच बसव की."

"चेंबर सफाईत येत नाही गं. रस्त्यात येतो. रस्ते आगाशेंकडे आहेत."

आगाशे म्हणाले, रस्ता भोकाच्या भोवती आहे, भोक रस्त्यात नाही. आणि खालून जातं ते पाणी. पाणीप्रमुख म्हणाले, आमचं फक्त नळाचं. शेवटी उपसमिती नेमली. तिनं एकमतानं ठरवलं, की कॉलनीला नामफलक हवा.

चांगली जाडजूड कोटा फरशी आली. तिच्यावर सगळ्यांची नावं, हुद्द्यांसकट. उद्घाटन कुणी करायचं यावरून मंडळात अबोला धरला गेला आणि फरशी विनोदिनीच्या भिंतीला टेकून राहिली.

एका सकाळी रुचिरच्या शिट्टीच्या बुटांचा चूं-चूं आवाज अंगणातून फाटकाकडे गेला आणि थांबला. ती धावली. पोरगा चेंबरच्या काठावर पोटावर पडून आत डोकावत होता. एक बूट आत गेला होता. तिनं त्याला चड्डीला धरून ओढलं, कडेवर घट्ट आवळलं आणि तशीच शेजारच्या प्लॉटवर गेली. तिथल्या मिस्त्रीला म्हणाली, "भैया, जरा सिमेंट लेकर आओ."

संध्याकाळी माधवराव आले. फरशी चेंबरवर पक्की बसली होती, नावं खाली.

"हे कुणाच्या परवानगीनं केलंस?"

"कुणाची लागते, काका? तुम्ही सांगाल त्याची आणते."

दुसऱ्या दिवशी ते शहराच्या ऑफिसात गेले, तिथून सरपंचाकडे. चहा पिऊन परत आले. मग फरशी उचलणं कुणाच्या खात्यात येतं, यावर मंडळाची तातडीची बैठक तिच्याच फाटकासमोर भरली. भोवती चिखल होता, म्हणून सगळे प्रमुख फरशीवरच दाटीवाटीनं उभे राहून भांडत होते.

विनोदिनी खिडकीतून बराच वेळ बघत राहिली. एवढ्या वजनाखाली फरशी जराही हलत नाही, अशी खात्री झाल्यावर तिनं बाहेर येऊन फाटक सताड उघडून टाकलं.