तीन तावांची पिन

पुंजाजी लोहार बायकोशी एक शब्दही बोलत नसे, आणि तिच्यावाचून त्याचं पान हलत नसे. या दोन्ही गोष्टी अख्ख्या जलंबला ठाऊक होत्या. त्यांचा मेळ कसा बसतो ते मात्र मला ठाऊक होतं, कारण त्याची भट्टी आणि माझी खोली यांच्यात एकच मातीची भिंत होती.

मी तेव्हा रेल्वेला गिट्टी पुरवणाऱ्या एका शेठकडे मुनीम होतो. लढाईचे दिवस होते. मोठ्या कारखान्यातून येणारं सामान येईनासं झालं, तेव्हा गिट्टीचे डबे जोडायच्या पिना शेठने गावातच करून घ्याव्या असं ठरलं. पिन म्हणजे टाचणी नव्हे. वीतभर लांब, दोन अंगठ्यांएवढी जाड, वर डोकं आणि खाली खिळीसाठी भोक. दोन डब्यांच्या कड्या एकावर एक आल्या की वरून ही सोडायची. ती तुटली तर मागचे डबे मागेच राहतात, आणि उतार असेल तर नको तिकडे निघून जातात. शेठने काम पुंजाजीला दिलं आणि त्यावर देखरेख मला दिली. माझी दुपारची झोप गेली ती तेव्हापासून.

पुंजाजी अंगाने काडी. ठिणग्यांनी उजवी मिशी सदा जळलेली, त्यामुळे एका बाजूने पाहावं तर फौजदारासारखा आणि दुसऱ्या बाजूने पाहावं तर बैराग्यासारखा दिसे. पिनांचं काम हाती आल्यावर तो जमिनीवरून चालेनासा झाला. गिट्टीची गाडी स्टेशनात लागली की हा डब्यांच्या मध्ये वाकून आपल्या पिना पाही आणि हमाल ओरडला तरी हलत नसे. "दोन डब्यायचं लगन लावतो मी, मुनीमजी," तो मला सांगे. "बामन नुसता मंतर म्हनते. मांगून नवरानवरीचं काय होते, तो पाह्यते काय? मी पाह्यतो."

हे सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोशी अबोला धरला होता, आणि तो मुलगी कडेवर होती तेव्हापासूनचा. ती मुलगी आता नांदुऱ्याला सासरी होती आणि तिच्या कडेवर मूल होतं.

कारण ऐकून हसू नका. मेव्हण्याच्या लग्नात जावईबापूंना बसायला घोंगडी मिळाली, गादी मिळाली नाही. पुंजाजी रुसला आणि गोठ्यात जाऊन बसला. सासरा समजवायला गेला, नवरदेव हळदीच्या अंगाने गेला, पाटील गेला. हा ढिम्म. तेव्हा त्याची बायको कासाबाई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्यायले कोनी समजावू नका. भूक लागली का येतीन बराबर."

आणि तो आला. सगळी गोम इथेच होती. ती नुसती बोलली असती तर त्याने कदाचित सोडून दिलं असतं. पण पहिली पंगत बसली, बुंदीचा वास गोठ्यापर्यंत गेला, आणि जावईबापू आपल्या पायांनी चालत येऊन पत्रावळीवर बसले. सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. कासाबाई लोहाराचीच लेक, ती कशाला ऐकते? "मले काय गरज पडली? पह्यले त्यायनं बोलावं," असं तिने एकदा मला परसातून ऐकवलं होतं.

घरातले व्यवहार शेळीमार्फत चालत. "शेरे, घरातलं मीठ सरलं व," असं कासाबाई शेळीला सांगे. पुंजाजी शेळीकडेच पाहून म्हणे, "परवा तं आनलं होतं. एवढं खाते कोन, तू?" शेळी निंबाचा पाला चघळत राही. ती चरायला गेलेली असली की तिची जागा मला मिळे. "मुनीमजी, सांगा बरं कोनाले तरी, आज भाकर जयली," अशी भिंतीपलीकडून हाक येई. लगेच कासाबाईचा आवाज येई, "मुनीमजी, तुमीबी सांगा. भट्टीत त्यायचं लोखंड जयते, तवा मी काई म्हनतो काय?" मी कोणाला काय सांगणार? दोघांनीही एकमेकांचं ऐकलेलं असे.

विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, म्हणजे खालची पाती, ही कामं पुंजाजी एकटा करी. पिन मात्र एकट्याने होत नाही. तिला दोन माणसं लागतातच. तिचं डोकं वेगळं करून वर चढवायचं नाही, गजाच्या अंगातूनच काढायचं, अशी रेल्वेची अट होती. त्यासाठी गजाचं टोक पिवळं होईपर्यंत तापवायचं. जमिनीत पुरलेल्या ओंडक्यावर भोक पाडलेला जाड ठोकळा बसवलेला असे, त्यात गज उभा सोडायचा. तापलेलं टोक तेवढं वर राहतं. मग घणाने त्याला वरून ठोकायचं, म्हणजे ते बसतं, पसरतं आणि त्याचं डोकं होतं. पुंजाजीच्या हातात सांडशी आणि छोटी हातोडी असे, कासाबाईच्या हातात घण.

यात बोलायचं काम हातोडीचं. हातोडी टेकेल तिथे घण पडायचा. हातोडी हलकी तर घण हलका, हातोडी जोरात तर घण जोरात. बाजूच्या रिकाम्या ऐरणीवर एकदा टण् वाजलं की थांबायचं, आणि तीन सावकाश ठोके पडले की 'ये' समजायचं. सगळ्याच भट्ट्यांत थोडंफार असं असतं, पण बाकीचे लोहार तोंडानेही बोलतात. इथे एवढंच बोलणं होतं, आणि ते दिवसभर चाले.

झोप तर गेलीच होती, तेव्हा भिंतीला पाठ लावून पडल्यापडल्या मी ती भाषा शिकलो. ठोके भरभर आले की पुंजाजी खुशीत. 'थांब' झाल्यावरही घणाचा एक जादा घाव पडला की बाई रागावलेल्या. मग पुंजाजीची हातोडी पुढचा गज होईपर्यंत जरा नरमाईने वागे. नांदुऱ्याहून नातू तापाने फणफणल्याचा निरोप आला, त्या दिवशी दोघांचे ठोके इतके जपून पडत होते की मी उठून बसलो. तोंडाने धीर देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. घणाने धीर देणारी ही दोघंच.

पण शेठला या भाषेशी काय देणंघेणं? त्याला कोळसा दिसे. लढाईमुळे कोळसा मिळायची मारामार, आणि पुंजाजीची भट्टी बकासुरासारखी खात होती. "मुनीमजी, नांदुरेवाला लोहार एका तावात डोकं काढते. आपला तीन ताव काऊन देते? पूछो उसको," शेठ म्हणाला. ताव म्हणजे लोखंड एकदा भट्टीत तापवणं. मी विचारायला गेलो आणि भट्टीसमोर पोत्यावर बसलो.

गज निघाला, ठोकळ्यात उभा राहिला, घण पडू लागला. चारदोन घावांत टोक दबलं. लोखंड अजून चांगलं पिवळं होतं, माझ्यासारख्या मुनिमालाही ते कळत होतं. तेवढ्यात ऐरणीवर टण् झालं. घण थांबला आणि गज परत भट्टीत गेला.

"पुंजाजी, अजून तापलेला होता की तो."

"रेल्वेचं काम हाये, मुनीमजी. लोखंडाले दम लागते."

"लोखंडाला?"

"मंग? तुमाले नाई लागत काय, टेशनचा पूल चढल्यावर?"

मी हसलो. हसता हसता कासाबाईकडे नजर गेली. घणाचा दांडा पोटाशी टेकवून ती उभी होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि डाव्या हाताने ती उजवा खांदा चोळत होती. पुंजाजी तिच्याकडे पाहत नव्हता. तो विस्तवाकडे पाहत भात्याची दोरी ओढत होता. गजाचं टोक पिवळं झालं, तरी त्याने तो काढला नाही. कासाबाईचा हात खांद्यावरून खाली आला, तेव्हा त्याच्या हातोडीने 'ये' म्हटलं. पुढच्या तावालाही तसंच, आणि पुढच्या गजालाही. मऊ लोखंडाला घाव कमी लागतात, आणि दोन तावांच्या मध्ये खांद्याला विसावा मिळतो. गावभर ज्याला लोक कोळसा उधळणारा म्हणत तो माणूस असा होता. मला हसू आलं, आणि पुढचं काही न विचारता मी पोत्यावरून उठलो.

"तीन ताव ही रेल्वेचीच पद्धत आहे," मी शेठला जाऊन सांगितलं.

शेठने मान डोलावली आणि चार दिवसांनी नांदुऱ्याहून एक घणकरी पैलवान पाठवून दिला. बाईमाणसाला हलकं काम द्या, हा घण मारील आणि एका तावात डोकं निघेल, असा निरोप होता. निरोपात वावगं काही नव्हतं. कासाबाईने घण त्याच्या हाती दिला आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी पुंजाजीच्या हातोडीला काय झालं देव जाणे. जोरात मारायला हवं तिथे ती हलकी पडे. घण हवेत उचलला की ऐरणीवर टण् होई. पिनांची डोकी निघाली ती अशी, की जणू सगळ्यांनी टोप्या तिरक्या घातल्या आहेत. पैलवान घामाघूम झाला. "बाप्पा, तुमची हातोडी तोतरी हाये," तो म्हणाला.

"हातोडी बराबर हाये बे. तुह्ये कान गेले."

दारात कासाबाई तोंडाला पदर लावून गदगदा हसत होती. संध्याकाळच्या गाडीने पैलवान नांदुऱ्याला परत गेला. तो राहिला असता तर तिच्या खांद्याला आराम पडला असता, हे पुंजाजीला कळत नव्हतं असं नाही. पण मग दिवसभर बोलायचं कोणाशी? शेळीशी? म्हणून त्याने तिला घणही सोडू दिला नाही, आणि घणाचा भारही होता होईल तो भट्टीवर घातला. त्याच्या अडेल डोक्याला एवढीच वाट सापडली होती.

मग लढाई संपली. कारखान्यातून पेट्या भरून पिना आल्या, सगळ्या एका साच्याच्या. पुंजाजी स्टेशनावर जाऊन एक पिन उचलून पाहून आला. "एका तावाची हाये," तो तुच्छतेने म्हणाला. पण शेठचं काम बंद झालं. आता त्याच्याकडे विळे आणि वखराच्या पासा उरल्या, आणि त्यांना घण लागत नाही. त्यातच नातवाच्या दुधासाठी शेळी नांदुऱ्याला पाठवली. राहिलो मी, तर मीही बाकीच्या कामासाठी दिवसदिवस मलकापूरला असे. पलीकडे इतकं शांत झालं की सुटी असली तरी दुपारी मला झोप येईना.

अशाच एका सुटीच्या दुपारी ऐरणीवर ठोका पडला. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. 'ये.' मला नवल वाटलं, कारण पिनांचं नवं काम असतं तर ते माझ्याच हातून गेलं असतं. मी परसात जाऊन पाहिलं. भट्टीत विस्तव नव्हता. ठोकळा रिकामा होता. पुंजाजी हातोडी धरून खाली मान घालून ऐरणीपुढे बसला होता.

कासाबाई राखेच्या ओल्या हातांनी बाहेर आली. सवयीने घणाकडे गेली, दांड्याला हात घातला, थंड भट्टी पाहिली आणि हात काढून घेतला. पुंजाजीने वर पाहिलं नाही. त्याने पुन्हा तीन ठोके दिले, अगदी हळू.

दोघांचं नुकतंच जेवण झालं होतं. ती ताटं घासत होती तो आवाज मी ऐकला होता.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मध्ये शेळी नव्हती, मुनीमजी नव्हते.

"भूक लागली काय?" तिने विचारलं.

पुंजाजीने हातोडी खाली ठेवली.

"हाव," तो म्हणाला.