तीन रंगांची भिंत

लग्न झाल्यावर महिन्याभरातच कारकुनाने एक छोटासा निर्णय घेतला. बायको काहीही दाखवो, आपण 'नाइस' म्हणून मोकळं व्हायचं. शब्द त्याने ऑफिसातून उचलला होता. त्याच्या प्रत्येक मसुद्यावर साहेब लाल पेनने 'नाइस' लिहीत. असे अकरा वर्षांचे मसुदे त्याने कपाटात फाइल करून जपले होते (लग्नाचा अल्बम माळ्यावर होता).

मग हेडक्लार्कची जागा रिकामी झाली, कारकुनाचा जीव तिच्यात अडकला, आणि साहेब रविवारी चहाला येतो म्हणाले. बायकोने बैठकीची भिंत रंगवायला काढली. रंगाऱ्याने तीन नमुने लावून दाखवले.

"अहो, हा पिवळा कसा वाटतो?"

"नाइस," कारकून पेपराआडून म्हणाला.

"आणि जांभळा?"

"नाइस."

"हिरव्याकडे बघा तरी."

"नाइस. अगदी नाइस."

शनिवारी तो घरी आला तेव्हा रंगारी डबे आवरत होता आणि भिंतीवर तिन्ही रंगांचे हातभर रुंद पट्टे होते.

"हे काय करून ठेवलंय?"

"तुम्हाला तिन्ही आवडले म्हणे," रंगारी म्हणाला. "मी बाईंना दोनदा विचारलं."

"तुमचं मन मोडवेना मला," बायको शांतपणे म्हणाली.

रविवारी साहेब नेमके भिंतीसमोर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कपात बघत म्हणाले, "नाइस."

कारकुनाचा बिस्किटं पुढे करणारा हात तिथेच थांबला. हा सूर त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. घरी तो रोज हाच लावायचा.

साहेब गेल्यावर त्याने फाइल उघडली. एका मसुद्याचं दुसरं पान जोडायचंच राहिलं होतं. त्या अर्धवट मसुद्यावरही 'नाइस' होतं. हेडक्लार्कच्या खुर्चीची आशा त्याने फाइलबरोबरच मिटली, आणि बऱ्याच दिवसांनी मान वर करून भिंतीकडे नीट पाहिलं.

"हिरवा छान आहे," तो म्हणाला. "बाकीचे दोन भयंकर आहेत."

बायकोचा चेहरा खुलला. "मलाही हिरवाच हवा होता. कधी बोलताय याची वाट बघत होते." तिने त्याच्यापुढे वाफाळता चहा ठेवला. कारकुनाला फार बरं वाटलं. इतकं, की त्याला राहवलं नाही.

"तू कधी वाचलेस गं माझे मसुदे?"

"सगळे वाचलेत."

"कसे आहेत?"

बायकोने शेजारचा पेपर उचलून तोंडासमोर धरला.

"नाइस," ती म्हणाली.