गुणवंतरावांच्या दोन बॅटऱ्या

गुणवंतराव मेश्राम माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याचे वॅट विचारत. मी नर्स म्हणून राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात हजर झाले, तेव्हा माझी ट्रंक अजून उपकेंद्राच्या ओट्यावरच होती. तेवढ्यात साठी ओलांडलेला एक काटकुळा माणूस समोर येऊन उभा राहिला. अंगात खाकी शर्ट, डोक्याला दुपट्टा, कमरेच्या पट्ट्याला लटकवलेली पकड.

"सिस्टर, पंखा आणला का?"

"हो, आणलाय ना."

"किती वॅटचा?"

पंख्याला वॅट असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. "तीन पात्यांचा आहे," मी म्हटलं.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमी पुसदच्या ना? पुसदचे लोक हुशार असतेत असं आयकलं होतं," एवढं बोलून ते निघून गेले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, घराघरांत कापूस भाव चढायची वाट पाहत पडलेला, आणि विजेची लाइन दिवसातले बारा-बारा तास गायब. गावात गाड्या मात्र फार येत. कोणी पाहणी करायला, कोणी प्रश्न विचारायला, कोणी फोटो काढायला. पाहुण्यांसाठी पंचायतीनं एक सतरंजी वेगळीच काढून ठेवली होती. त्यातल्या एका गाडीतून आलेली मंडळी मात्र मागे काहीतरी ठेवून गेली. गावात मोबाइलला रेंज नव्हती आणि तारेचा फोन कधीच मेलेला. त्यांनी टेकडीवर लोखंडी खांब रोवला, त्यावर ताटाएवढी तबकडी आणि टिफिनएवढी पेटी बसवली. ती पेटी दूरच्या टॉवरशी हवेतून बोलायची आणि इकडे शाळेतल्या कॉम्प्युटरशी नि उपकेंद्रातल्या फोनशी. टेकडीवर लाइन पोचत नव्हती, म्हणून तिला दोन मोठ्या सोलर प्लेटा आणि दोन बॅटऱ्या दिल्या. हे सगळं राखायचं कोणी, तर गुणवंतरावांनी. टेलिफोन खात्यात ते तीस वर्षं लाइनमन होते.

मंडळी गेली आणि गुणवंतराव टेकडीवर चढले. माझ्या मते ते मनानं परत उतरलेच नाहीत.

बॅटऱ्यांची नावं होती थोरली आणि धाकटी. थोरली पाणी जास्त प्यायची, धाकटी लवकर तापायची. "बॅटरीले पोट असते सिस्टर," ते सांगत. "अर्ध्याच्या खाली उपाशी ठेवली का ते मनात धरते. मंग तिले कितीबी चारा, पयल्यासारखी होत नाही." बॅटऱ्यांना लागणारं शुद्ध पाणी ते राळेगावहून एसटीनं, कॅन मांडीवर घेऊन आणत. मे महिन्यात एकदा कंडक्टरनं घोटभर मागितलं. गुणवंतरावांनी झाकण उघडून कॅन पुढे केला. "प्या ना. पण थोरली आज उपाशी राहीन, ते तिले तुमी सांगा." कंडक्टरनं विचारलं, "थोरली कोण?" "घरीच हाय, टेकडीवर." पुढच्या स्टॉपपर्यंत सगळी गाडी त्यांच्याकडे दयेनं पाहत होती.

टेकडीवर एक पळस होता. दुपारी चारनंतर त्याच्या एका फांदीची सावली एका प्लेटच्या कोपऱ्यावर पडे, जेमतेम तळहाताएवढी. त्यापायी गुणवंतरावांना आठ दिवस झोप नव्हती. मी म्हटलं, "काका, एवढीशी तर सावली!"

"एवढीशी? कोपऱ्यावर सावली पडली का पूर्ण प्लेट झोपते. घरातली एक बाई रुसली तं कोणाले जेवाले भेटते का?"

त्यांनी फांदी कापली, पण त्याआधी पळसाची माफी मागितली. ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली.

एकदा त्या मंडळींकडून एक इंजिनिअर आला. सोबत नवाकोरा इन्व्हर्टर. गुणवंतरावांनी त्याला चहा पाजला आणि इन्व्हर्टर गाडीत परत ठेवला. "साहेब, प्लेट देते डीसी, पेटीले लागते डीसी. मधात एसी कायले करता अन् पुन्हा डीसी कायले करता? दोघांच्या मधात दलाल घुसला का दोघंबी उपाशी मरतेत. आमाले कापसात समजलं, तुमाले करंटमधी काहून समजत नाही?"

इंजिनिअर हसला, पण त्याला त्यांची परीक्षा घ्यावीशी वाटली असावी. "आत्ता प्लेटांमधून किती करंट येत असेल, सांगता का?" गुणवंतरावांनी वर पाहिलं नाही. हात पुढे धरून जमिनीवर बोटांची सावली पाडली, तिच्या कडा न्याहाळल्या. "चार अँपिअर."

मीटर लावला. चार पूर्णांक एक.

"तो वरचा पॉइंट एक ढगाच्या मधातून निसटला असंन," गुणवंतराव म्हणाले.

तोवर मी त्यांना हसत होते. त्या दिवसापासून हसू कमी झालं आणि मी त्यांच्याकडे नुसती पाहायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे थांबायचं नाव न घेणारा पाऊस, आभाळ छपराला टेकलेलं. दुसऱ्या दिवशी नाल्याला पूर आला आणि रस्ता तुटला. तिसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी टेकडीवरची पेटी बंद केली. सकाळी दहा मिनिटं चालू, संध्याकाळी दहा मिनिटं चालू, बस्स. गाव खवळलं. सरपंच बाबारावांना मुलीच्या सोयरिकीबद्दल व्याह्यांशी बोलायचं होतं. ते भर पावसात गुणवंतरावांच्या दारात आले.

"फोन तुह्या बापाचा हाय का?"

"नाही, गावाचा हाय. म्हणून तं बंद ठेवला."

"तीन दिवसांत तुह्या बॅटऱ्या मरून राह्यल्या का?"

"बाबाराव, सूर्य कवा येते ते तुमाले माहीत हाय का? मले नाही माहीत. मंग जेवढं उरलं तेवढं धरून ठेवा लागते."

पाचव्या दिवशी दुपारी सुनंदाला आणलं. बाजेवर घालून, वर प्लास्टिक धरून. पहिलटकरीण. बाळ सुखरूप आलं, मुलगी. मी सुटकेचा श्वास टाकला आणि खाली पाहिलं, तर रक्त थांबत नव्हतं. इंजेक्शन दिलं. पोट चोळलं. थांबेना. मी तिच्या नवऱ्याला ओरडून सांगितलं, "धावत जा, गुणवंतरावांना म्हणा पेटी चालू करा!"

तो दारातच थबकला. "सिस्टर, फोनचा दिवा तं हिरवा हाय."

गुणवंतरावांनी बाज जाताना पाहिली होती. कोणी सांगायची वाट न पाहता ते टेकडीवर चढले होते.

उपकेंद्रातल्या फोनला स्वतःची छोटी बॅटरी होती, ती चांगली भरलेली होती, प्रश्न फक्त टेकडीचा होता. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. माझे दोन्ही हात गुंतलेले. सुनंदाच्या सासूनं रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. बाई एकेक गोष्ट सांगत होत्या, मी करत होते. दहा-बारा मिनिटं झाली आणि त्यांचा आवाज वाक्याच्या मध्येच गेला. दिवा विझला. पाच दिवस ऊन न मिळालेल्या थोरली आणि धाकटी, दोघी संपल्या होत्या.

पुढचा अर्धा तास मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी जिथे दाबायला सांगितलं होतं तिथे मी दाबून बसले होते. सुनंदा कागदासारखी पांढरी होत चालली होती. सासू एकच विचारत होती, "आता काय करू बाई? आता काय करू?" मी म्हणत होते, "फोन धरून ठेवा." मेलेला फोन तिनं माझ्या कानाशी तसाच धरून ठेवला.

मग दिवा परत हिरवा झाला, नवऱ्यानं धावत येऊन नंबर फिरवला आणि कानात आवाज आला. "हॅलो? सिस्टर, आहात ना? दाब सोडू नका!"

त्यानंतर लाइन दीड तास टिकली. मध्ये तीन वेळा, क्षणभरच, आवाज तुटला आणि परत आला. का तुटतोय ते मला तेव्हा कळलं नाही. कधीतरी रक्त थांबलं. पाऊस उघडला, सांजेला नाल्याचं पाणी उतरलं, जीप आली आणि सुनंदाला घेऊन गेली. आठवड्यानं ती मुलीला घेऊन स्वतःच्या पायांनी चालत गावात आली.

टेकडीवर काय झालं ते मला सरपंचांनी सांगितलं. पुढे त्यांनी ते गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितलं, पण मला दर वेळी ऐकावंसं वाटलं.

बॅटऱ्या संपल्यावर गुणवंतराव टेकडी उतरले ते थेट सरपंचांच्या गोठ्यात. न विचारता त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडली, वीस-बावीस किलोचं ते धूड डोक्यावर घेतलं आणि चिखलातून परत वर. सरपंचांनी खिडकीतून पाहिलं. छत्री घेऊन, शिव्या देत मागून निघाले. वर पोचले तेव्हा गुणवंतराव खांबाखाली उकिडवे बसलेले. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या जाड टोकाला पेटीचा चिमटा बसत नव्हता. म्हणून त्यांनी तार अंगठ्यानं त्यावर दाबून धरली होती. दीड तास. अंगठा बधिर झाला की हात बदलायचा. तेवढाच आवाज तुटायचा.

सरपंचांच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. बारा व्होल्ट माणसाला चावत नाही हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटलं हा माणूस जीव देतोय. घाबरत घाबरत त्यांनी छत्री गुणवंतरावांच्या डोक्यावर धरली.

"माह्यावर नोका धरू," गुणवंतराव ओरडले. "बॅटरीवर धरा!"

आणि गावचे सरपंच दीड तास भिजत, स्वतःच्याच चोरलेल्या बॅटरीवर छत्री धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गुणवंतरावांच्या घरी गेले. दोन्ही अंगठे सुजून निळे पडले होते, त्यावर तारेचे वळ. मी औषध लावलं. मग खाली वाकून त्यांच्या पाया पडले तर ते दचकून मागे सरले. "अहो सिस्टर, चिमटा बदला लागते, बाकी काई नाही." एका खोलीचं घर. मांडणीवर एक ताट, एक पेला. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती हे मला तिथे, भिंतीवरच्या फोटोकडे पाहून कळलं. त्याआधी मी कधी विचारलंच नव्हतं.

दोन वर्षांनी माझी बदली पुसदला झाली. निघताना त्यांनी माझा नंबर एका कागदावर लिहून घेतला. "लाइन टेस्ट करा लागते कवा कवा," म्हणाले.

महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी मी मेथी निवडत बसले होते. फोन वाजला.

"सिस्टर, मेश्राम बोलून राह्यलो."

"काका! काय झालं? कोणाला बरं नाही का?"

"सारे मजेत हायेत. नवीन सिस्टर गावाले गेली, दवाखान्याची किल्ली माह्यापाशी हाय. आज ऊन लय चांगलं पडलं. दोघीबी अकरा वाजताच भरल्या. आता येते ते ऊन वाया जाऊन राह्यलं. म्हटलं, वाया कायले जाऊ द्यायचं."

"बरं केलंत. आवाज येतोय का माझा?"

"साफ."

मग मी पुसदचं सांगितलं, नव्या दवाखान्याचं सांगितलं. ते "हाव, हाव" करत होते. माझं बोलणं संपलं. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. पलीकडून कुठल्यातरी कोंबडीचा आवाज येत होता.

"काका, असं रोज उरलेल्या उन्हात कोणाकोणाला फोन करता?" मी उगाच चेष्टा केली.

"नंबर तं एकच हाय माह्यापाशी," ते म्हणाले.

मी रिसीव्हर मानेत धरला आणि मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली. सूर्य कलायला अजून दोन तास होते.