गुप्तकावेरीच्या उत्तरपूजेची बखर

स्वस्ति. श्रीतंजापुरी मेलवीथीच्या पाठची गल्ली, तेथे महापालिकेचे पाणी भूमीत गडप होत होते, ते पुन्हा नळास कैसे रुजू जाहले, हे वर्तमान साद्यंत लिहावे ऐसे मनी आले, सबब लिहिले. डोळां देखिले फार, ऐकीव थोडे, मीठ लेखणीचे.

गल्लीच्या शेवटल्या घरी भागीरथीबाई नांदत. यजमान कैलासवासी, पुत्र व्यंकटरमण चेन्नईस संगणकाच्या चाकरीत, आणि नळ कोरडा. पहाटे पाणी सुटे तेव्हा गल्लीच्या तोंडचे नळ गर्जत, मधले बोलत, आणि बाईंचा नळ खोकून गप्प बसे. मग बाईंनी पितळी कुडम, म्हणजे घडा, कंबरेवर घ्यावा आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी तिठ्यावरील पाण्याच्या लॉरीपुढे उभे राहावे. एके दिवशी तेथेच पाय सरकला, कुडम चेपला, बाई थोडक्यात बचावल्या. ही खबर चेन्नईस पावताच फोनमार्गे फर्मान सुटले की दिवाळीपावेतो नळास पाणी न आले तर घरास कुलूप घालोन निघोन यावे, येथे बाराव्या मजल्यावर पाणी अहोरात्र आहे. बाई "बरं रे" म्हणाल्या आणि तुळशीपुढे तांदळाच्या पिठीचा कोलम, म्हणजे रांगोळी, रेखू लागल्या. बाराव्या मजल्यावर दारापुढे कोलम कोठे घालावा, आणि वाटेने जाताना तो पाहणार कोण, याचा खुलासा फर्मानात नव्हता.

आता गल्लीचे दैवत सांगणे प्राप्त. पेन्शनर हेडमास्तर सीतारामराव यांच्या दारापुढे भूमीतून पाणी पाझरे; पहाटे उसळे, ऊन चढता आटे. आडी, म्हणजे तमिळांचा आषाढ, त्या महिन्यात कावेरीची पूजा करावयास नदीवर जावे तर बसला गर्दी आणि पायऱ्यांवर शेवाळ. मग राव वदले की अहो, माताच भक्तांकडे चालोन आली, ही गुप्तकावेरी. झाले! भोवती विटा बसल्या, हळदकुंकू चढले, चित्रान्नाचे डबे तेथेच उघडू लागले, आणि शेजारी रावांची केळ ऐसी माजली की पाने मागावयास पापनाशमचे व्याही येत. भक्तांत अग्रणी भागीरथीबाई. रोज कुंकू वाहोन मागणे एकच, "आई, तुला एवढं पाणी, माझ्या नळांत एक धार सोड की ग." माता ऐकोन घेई आणि तेथेच उसळे.

तदनंतर महापालिकेने मोहीम मांडिली, की टाकीतून निघते फार आणि घरोघर पोहोचते थोडे, तर मधल्यामध्ये गिळतो कोण याचा शोध घ्यावा. त्या मोहिमेवर इंजिनियर अखिलाबाई, याच शहरच्या मराठी घरातील लेक, दोन गडी आणि एक लोखंडी दांडी घेवोन दाखल जाहल्या. दांडीचे एक टोक रस्त्यावर, दुजे कानास, ऐसे ऐकत ऐकत गुप्तकावेरीपाशी थबकल्या, ओंजळीत पाणी घेवोन हुंगिले, आणि पुसिले,

"मामा, ही कावेरी ब्लीचिंग पावडरींत न्हाली कधी?"

"चार बुकं शिकलीस म्हणून देवीचा वास घेतेस?" ऐसे गर्जोन राव विटांवरच मोर्चा बांधोन बसले.

अखिलाबाईंनी वाद न करिता गल्लीच्या तोंडचा व्हॉल्व्ह आवळविला. माता आटली. सैल करविला, माता उसळली. पुन्हा आवळविला. "देवी विश्रांती घेते," राव बोलिले, परंतु आवाजात दम उरला नव्हता.

भागीरथीबाई कुंकवाची डबी घेवोन उभ्या होत्या. त्यांस स्मरले की वीज जावोन पंप बंद पडले त्या पहाटे माता आली नव्हती, आणि आपण आपलेच काही चुकले म्हणोन जास्वंद वाहिली होती. प्रथम लाज वाटली, मग हसू ऐसे आले की डबी हिंदकळली. "अय्यो, चोरापाशींच फिर्याद देत होतें की मी!"

तथापि फत्ते दूरच. गड्यांनी कुदळी खाली ठेविल्या. कुंकवावर घाव? नको अम्मा. तेव्हा भागीरथीबाईंनी मसलत दिली की गणपती उठवितो, गौर उठवितो, मग हिची उत्तरपूजा का न करावी? "आणि मंत्र सांगणारा तुमच्यावाचून कोण, अण्णा?"

हे ऐकता राव मोर्चा सोडोन उठले, सोवळे नेसोन आले. अक्षता पडल्या, आणि राव 'पुनरागमनाय च' येथवर येणार तोच अखिलाबाई धावल्या, "मामा, तेवढं नका म्हणूं! पुनः येऊं नये म्हणून तर खणतों!"

राव म्हणाले, त्याविना पूजा अपुरी. गल्लीत हाहाकार जाहला.

"म्हणा अण्णा," भागीरथीबाई बोलिल्या. "पत्ता मी सांगतें." आणि मंत्र पुरा होताच गल्लीच्या टोकाकडे बोट करोन म्हणाल्या, "तिकडे ये, आई. शेवटचं घर. निळं दार."

मग कुदळी चालल्या. बिडाची जुनी नळी गंजोन फाटली होती. तीस रबर आणि पोलादी पट्टा आवळोन जेरबंद केले. दुसरे दिवशी पहाटे बाईंचा नळ सवयीने खोकला, थांबला, आणि गर्जला. चेपलेला कुडम भरला. तो पहिला कुडम बाईंनी लंगडत नेवोन रावांच्या केळीस घातला.

"ब्लीचिंगचा वास येतो हो," राव कुरकुरले.

"आजवर तेंच पीत होती की, अण्णा."

चेन्नईस खलिता रवाना जाहला की दिवाळीच्या गंगास्नानास तुम्हीच इकडे यावे, पाणी आहे. येणेप्रमाणे गल्ली फत्ते जाहली. नळावर कुंकवाचे ओले बोट उमटले आहे. ते अखिलाबाईंनी पाहोन न पाहिलेसे केले. तेच या बखरीचे मोर्तब.