कप्तानांचा वाढीव हप्ता

"तीस वर्षं फेरीबोट चालवली, धक्क्याला कधी धक्का लागू दिला नाही! आणि हे मला जोखमीचा चालक म्हणतात? आज जातो आणि हप्ता निम्म्यावर आणूनच परत येतो!"

निवृत्त कप्तान आरशासमोर उभे राहून केस विंचरत होते. खरं तर विंचरण्याजोगं फारसं उरलं नव्हतं, पण आवेश मोठा होता.

"आणतो की नाही बघ!"

"हो," खुर्चीत बसलेली बायको म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. हात परतला, पाय निम्माशिम्मा परतला, पण वाचा काही परतली नाही. सगळ्या भाषेतून एक "हो" तेवढा शिल्लक राहिला. भूक लागली? हो. पोट भरलं? हो. पंखा लावू? हो. मग बंद करू? हो! ही तीच बाई, जिच्या बोलण्यात चाळीस वर्षं कप्तानांना स्वल्पविरामाएवढी फट सापडली नव्हती. आता घर इतकं गप्प झालं होतं की कप्तान उगाचच भांडी आपटायचे.

बोलणं परत शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. बायकोला बसची पायरी चढवत नव्हती. म्हणून कप्तानांनी उतारवयात परवाना काढला, एक जुनी गाडी घेतली आणि पाच महिन्यांत तीन ठोकरा दिल्या. पहिली स्वतःच्या फाटकाला, दुसरी बेकरीवाल्याच्या सायकलला आणि तिसरी, आता काय सांगावं, पोलिसांच्या उभ्या गाडीला!

दोष नजरेचा नव्हता की हातांचा. पाण्यात ब्रेक नसतो, एवढंच. बोट थांबवायची तर यंत्र आधीच मंद करायचं आणि तिला अलगद तरंगत जाऊ द्यायचं. कप्तान रस्त्यावरही तेच करायचे. गाडी बिचारी तरंगायची नाही.

कप्तान बायकोला सोबत घेऊन विमा कंपनीत पोहोचले. तिथल्या अधिकारीबाईंनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. बाई कडक इस्त्रीच्या होत्या, चेहऱ्यासकट.

"वर्षाच्या आत तीन दावे केलेत तुम्ही. हप्ता तिप्पट होणारच."

"अहो मॅडम, तिप्पट भरला तर हिचे उपचार कशातून करू? आणि गाडी विकली तर हिला नेऊ कसा?" कप्तानांचा आवाज थोडा हलला. तो सावरायला ते मोठ्यानं म्हणाले, "मी गाडी उत्तम चालवतो! रोज शेजारी बसते ती, हिलाच विचारा! काय गं, चांगली चालवतो ना मी?"

"हो."

"ऐकलंत?"

बाई बायकोकडे वळल्या. "यांच्या गाडीत बसायची भीती वाटते का हो तुम्हाला?"

"हो."

"खूप वाटते?"

"हो."

"तसं नाही हो मॅडम! तिला फक्त हो म्हणता येतं!"

"म्हणजे मघाशी तुमच्या बाजूनं म्हणाल्या तेही धरायचं नाही?"

बायको कासावीस झाली. ओठ जुळवू लागली, हाताची मूठ वळली, डोळे भरून आले. पुन्हा "हो"च बाहेर पडलं. ते पाहून बाईंच्या चेहऱ्यावरची इस्त्री जराशी मोडली.

"एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः तुमच्या गाडीत बसते. चालवणं नीट वाटलं तर तसा शेरा देते. हप्ता थोडा उतरेल. चालेल?"

"आत्ता चला!"

बायकोला नेहमीप्रमाणे पुढे बसवलं, बाई मागे बसल्या. कप्तानांनी पट्टा लावला, आरसे पुसले, एकदा सवयीनं वाऱ्याची दिशा पाहिली आणि निघाले. आणि काय सांगू, इतकी सुरेख गाडी त्यांनी जन्मात चालवली नव्हती! सिग्नलला थांबले. शाळेपुढे गोगलगायीला लाजवतील इतके हळू गेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांना रस्ता ओलांडू दिला. त्यांना ओलांडायचाच नव्हता, पण कप्तानांच्या आग्रहाखातर त्यांनी ओलांडला.

"वा," मागून आवाज आला.

त्या एका "वा"नं घात केला. कप्तानांची छाती फुगली. कंपनीच्या आवारात परत शिरताना ते पुन्हा तीस वर्षांपूर्वीचे झाले, पाय आपोआप सैल सुटला आणि गाडी अलगद, डौलात, धक्क्याला लागावी तशी कंपनीच्या पाटीच्या खांबाकडे निघाली.

"ब्रेक!"

आवाज मागून आला नव्हता.

ब्रेक दाबायला अजून भरपूर वेळ होता. कप्तानांनी मात्र मान वळवली आणि पूर्ण शरीरानिशी ते बायकोकडे पाहू लागले.

"काय म्हणालीस?"

"ब्रेक!"

"पुन्हा म्हण! अगं, पुन्हा एकदा म्ह..."

धाड!

दिवा फुटला. खांब वाकला. पाटीवरचं "आम्ही आहोत, निश्चिंत राहा" हे वाक्य बॉनेटवर येऊन विसावलं. मागे बाई एका हातानं चष्मा शोधत होत्या. आणि पुढे कप्तान बायकोचे दोन्ही हात धरून लहान मुलासारखे रडत होते. तीही रडत होती आणि मधूनमधून "ब्रेक, ब्रेक" म्हणत होती, जणू हातात आलेली वस्तू पुन्हा निसटेल अशी भीती वाटत होती.

"लागलं का कुणाला?" बाईंनी विचारलं. कुणालाच लागलं नव्हतं. "मग चूक कुणाची म्हणून लिहू?"

"माझी! सगळी माझी! ठळक लिहा, मॅडम!"

बाईंनी लिहिलं. मग चष्म्याची काच पुसायच्या निमित्तानं त्यांनी बराच वेळ डोळे पुसले. पण नियम तो नियम. हप्ता तिपटीचा चौपट झाला. कप्तानांनी धाकट्या भावाकडे जाऊन हात पसरले, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि वर्षाचा हप्ता एकरकमी भरला. बायकोची वाचा ज्या गाडीत परतली, ती गाडी विकायची कशी?

डॉक्टरीणबाईंनी त्या शब्दाचा धागा धरला आणि हळूहळू पुढे ओढला. ब्रेकनंतर खांब आला, खांबानंतर पाणी, मुलीचं नाव, शेजारणीचं नाव, मग शेजारणीच्या तक्रारी. पायातही बळ येत गेलं. एका सकाळी कप्तान चावी फिरवत दारात उभे राहिले.

"चल, निघू या!"

बायकोनं दाराची चौकट धरली. एकेक शब्द नीट बसवत ती म्हणाली, "तुम्ही... गाडीनं या. मी... बसनं जाते."

आजारानंतर दोन वाक्यं जोडून ती पहिल्यांदाच बोलली होती. कप्तानांना आनंद व्हावा की अपमान, तेच कळेना. शेवटी छत्री उचलून ते तिच्यामागून बसथांब्यावर गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग रोजच जाऊ लागले. खिडकीशी बसून ती दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची आणि पुढच्या बाकावरच्या माणसांना हळूहळू जागा बदलावीशी वाटायची.

वर्ष संपलं. विमा कंपनीतून फोन आला.

"अभिनंदन, कप्तान!" अधिकारीबाई चक्क हसत होत्या. "वर्षभरात एकही दावा नाही! जोखमीच्या यादीतून तुमचं नाव काढलंय. हप्ता निम्म्याहून कमी! इतकी सुधारणा मी कुणातच पाहिली नाही. केलंत काय तुम्ही?"

कप्तानांनी खिडकीतून खाली पाहिलं. गाडीवर धुळीचा जाड थर होता, आणि टपावर शेजारणीची मांजर पिलांना दूध पाजत होती.

"काही नाही, मॅडम," ते घसा साफ करून म्हणाले, "सरावाचा प्रश्न असतो."